भाऊ दाजींचे न सांगितलेले औषध

कट्टा-मालवणपासून पेडण्यापर्यंतच्या पट्ट्यात ओढ्याकाठी, गर्द सावलीच्या जागी कडू कवठाचे झाड आढळते. फळ कवठासारखेच गोल आणि टणक, पण खाण्याच्या कामाचे नाही. पूर्वी ते ठेचून पाण्याच्या कोंडीत टाकले की मासे गुंगून वर येत. बियांचे तेल खरूज-नायट्यावर लावीत. गोव्याकडे याला खष्ट म्हणतात. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर सांगितलेला, पश्चिम समुद्राच्या काठी वाढणारा तुवरक तो हाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

दीडशे वर्षांपूर्वी या झाडाच्या तेलाने मुंबईच्या वैद्यकीय जगात मोठे कुतूहल निर्माण केले होते. ते ज्यांच्यामुळे झाले ते डॉक्टर मूळचे आपल्याच बाजूचे. डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव आज बहुतेकांना मुंबईच्या राणीच्या बागेतील संग्रहालयामुळे माहीत असते. त्यांच्या आयुष्यातले या औषधाचे प्रकरण मात्र फारसे सांगितले जात नाही. झाडपाल्याच्या औषधांवर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा प्रश्न आजही रोज पुढे येतो. त्याचे उत्तर शोधायला हे प्रकरण फार उपयोगी आहे.

भाऊंचे पूर्ण नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ च्या सुमारास, पेडणे महालातल्या मांद्रे गावचा. म्हणजे तेरेखोलच्या खाडीपलीकडचा. घरची परिस्थिती बेताची होती. कुटुंब मुंबईला आले आणि बुद्धिबळात चमकणारा हा मुलगा इंग्रजी शाळेत गेला. एल्फिन्स्टनमध्ये शिकून तो तिथेच शिक्षक झाला. काठेवाडातल्या मुलींच्या हत्येच्या प्रथेवर त्याने लिहिलेल्या निबंधाला ६०० रुपयांचे बक्षीस मिळाले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊंनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि पुन्हा विद्यार्थी झाले. कॉलेजचे प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड हे रुग्णांच्या नोंदींवरून निष्कर्ष काढणारे वैद्य होते. भारतातल्या रोगांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ अशाच नोंदींवर उभा आहे. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ होते. पुढे त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर झाले आणि दोघांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला.

भाऊंचा व्यवसाय जोरात चालला, पण ते दवाखान्यात अडकून पडले नाहीत. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी काम केले. १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा त्यांच्याकडे मुंबईच्या शेरीफपदाचा मान आला.

त्यांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाशी थेट जोडलेल्या आहेत.

पहिली १८६२ सालची. करसनदास मुळजी या पत्रकाराने वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचाराबद्दल लिहिले होते. त्यावरून महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराज लायबल केस म्हणून तो गाजला. अशा दाव्यात, आपण लिहिले ते खरे आहे असे म्हणणाऱ्यालाच ते सिद्ध करावे लागते. करसनदासांच्या बाजूने साक्ष द्यायला भाऊ उभे राहिले आणि आपण काही महाराजांवर गुप्तरोगासाठी उपचार केले आहेत, हे त्यांनी न्यायालयात सांगितले. श्रीमंत अनुयायांचा रोष ओढवून घेऊन केलेले ते धाडस होते. ऐकीव गोष्टी आणि पुरावा यांतला फरक, आणि पुरावा कोणी द्यायचा असतो ही गोष्ट, त्यांना पक्की ठाऊक होती.

दुसरी गोष्ट त्यांच्या संशोधनाची. जुने शिलालेख वाचणे, ताम्रपट आणि हस्तलिखिते जमवणे यात भाऊंनी आयुष्याचा मोठा भाग घालवला. अजिंठ्याचे लेख, गिरनारचा रुद्रदामनाचा लेख, आर्यभट आणि वराहमिहिर यांचे काळ, अशा कितीतरी विषयांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत निबंध लिहिले. त्यात ते मूळ लेख देत, आपले वाचन देत, त्यामागची कारणे देत. ज्याला शंका असेल त्याने स्वतः तपासून पाहावे, अशी सोय त्यात होती. कालिदास म्हणजे काश्मीरचा मातृगुप्त, असेही मत त्यांनी मांडले होते. पुढच्या अभ्यासकांनी ते तपासले आणि नाकारले. त्यामुळे भाऊंचा मोठेपणा कमी झाला नाही. मत उघड मांडले होते म्हणूनच ते चूक ठरवता आले आणि ज्ञान एक पाऊल पुढे गेले.

आता महारोगाकडे वळू. कुष्ठरोगाला तेव्हा सर्रास महारोगच म्हणत. बोटे झडलेले, चेहरा विद्रूप झालेले रुग्ण घरातून आणि गावातून बाहेर काढले जात. कारण माहीत नव्हते. १८६७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने हा रोग संसर्गजन्य नाही असा निर्वाळा दिला होता आणि तो चुकीचा होता. उपचार तर नव्हताच. अशा वेळी, आधुनिक वैद्यक शिकलेला आणि संस्कृत ग्रंथही वाचणारा मुंबईचा नामांकित डॉक्टर महारोगावर एका वनस्पतीचे औषध देतो आणि रुग्ण सुधारतात, ही बातमी पसरली. लोक आशेने त्यांच्याकडे येऊ लागले.

जुन्या ग्रंथांतल्या औषधांची परीक्षा करून पाहावी ही भाऊंची दृष्टी काळाच्या पुढची होती. जुने म्हणून डोक्यावर घेणारे आणि जुने म्हणून फेकून देणारे असे दोनच पक्ष भोवताली असताना ते तिसऱ्या वाटेने निघाले होते. पण औषध नेमके कोणते, किती आणि कसे द्यायचे, हे त्यांनी आपल्या हयातीत जाहीर केले नाही. शिलालेखाचे एकेक अक्षर जगापुढे ठेवणाऱ्या माणसाने औषधाचे नाव मात्र झाकून ठेवले. ते कडू कवठाच्या बियांचे तेल होते, ही नोंद वैद्यकीय ग्रंथांत त्यांच्या नावासह आली. पण १८७४ च्या मे महिन्यात भाऊ गेले, तोपर्यंत ते औषध त्यांचे एकट्याचेच राहिले होते.

यात भाऊ एकटे होते असे नाही. गुप्त औषधांचा तो काळच होता. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेत बोपेर्तुई नावाचे फ्रेंच डॉक्टर महारोग बरा करण्याचा दावा करीत होते. त्यांचा मुख्य उपचार म्हणजे काजूच्या टरफलातले तेल चट्ट्यांवर लावणे. ओल्या काजूचा डीक अंगावर उडला की काय होते हे आपल्याकडच्या पोराटोरांनाही माहीत आहे. कातडी भाजून निघते, खपली धरते, नवी कातडी येते. चट्टा गेल्यासारखा दिसतो, रोग आत तसाच राहतो. ब्रिटिश सरकारने चौकशीसाठी डॉ. मिलरॉय यांना तिकडे पाठवले. बोपेर्तुई १८७१ मध्ये वारले आणि त्यांच्या उपचाराचा बोलबालाही हळूहळू ओसरला.

भाऊंचे तेल या जातीचे नव्हते, त्यात तथ्य असण्याची शक्यता जास्त होती. म्हणून तर ते झाकलेले राहिले याची हळहळ वाटते. याच कुळातल्या एका झाडाचे चालमोगरा तेल कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांनी १८५४ मध्ये उघडपणे प्रसिद्ध केले होते. नाव, मात्रा, रुग्णांचा अनुभव सगळे छापले गेले. ते वाचून दुसऱ्यांनी करून पाहिले आणि चालमोगरा जगभर गेला. १९१५-१६ च्या सुमारास हवाईमध्ये अ‍ॅलिस बॉल या अवघ्या तेविशीतल्या रसायनशास्त्रज्ञ मुलीने त्या तेलापासून इंजेक्शनने देता येईल असे रूप तयार केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातही कवठाच्या तेलाची इंजेक्शने कुष्ठरोगाचा मुख्य उपचार म्हणून दिली जात होती. आपल्या ओढ्याकाठच्या झाडाला मान मिळाला, पण भाऊंच्या अनुभवाचा त्यात उपयोग झाला नाही. तो लिहून उघड केलेलाच नव्हता.

एवढे होऊनही त्या तेलाने रोग बरा होतो की नाही, यावर डॉक्टरांचे पन्नास वर्षे एकमत झाले नाही. काही म्हणत उत्तम गुण येतो, काही म्हणत काहीच होत नाही. दोन्ही बाजूंचे डॉक्टर प्रामाणिक होते. घोटाळा रोगाच्या स्वभावात होता. कुष्ठरोगाचा काही रुग्णांतला सौम्य प्रकार औषधाशिवायही आपोआप मावळतो. इतरांतही तो भरती-ओहोटीसारखा वरखाली होत राहतो. रुग्ण औषधाला येतो तो बहुधा त्रास वाढल्यावर. म्हणजे त्यानंतर काही काळ बरे वाटण्याची शक्यता तशीही असतेच. दवाखान्यात वेळेवर जेवण, स्वच्छता, जखमांची काळजी आणि माणुसकीची वागणूक मिळाली की निम्मे दुखणे हलके होते. त्यातच औषध चालू असले की सगळे श्रेय औषधाला जाते.

हे कोडे सोडवायचा एकच मार्ग आहे. सारख्याच अवस्थेतल्या रुग्णांचे दोन गट करायचे, कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठीवर सोडायचे, एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही किंवा वेगळे द्यायचे, आणि कोणाला काय दिले हे माहीत नसलेल्या माणसाने शेवटी मोजणी करायची. ही रीत भाऊंच्या काळी रूढ नव्हती, म्हणून ती वापरली नाही याचा दोष त्यांना देता येणार नाही. पण तिची पहिली पायरी, म्हणजे औषध उघड करणे, त्यांच्या हातात होती.

पुढची हकिकत थोडक्यात अशी. १८७३ मध्ये, भाऊंच्या मृत्यूच्या वर्षभर आधी, नॉर्वेत हॅन्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिल येथे सल्फोन गटातल्या औषधाचा उपयोग सुरू झाला, मग स्वस्त डॅप्सोन आले आणि कवठाचे तेल मागे पडले. पुढे जंतू डॅप्सोनला जुमानेनासे झाले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. १९७५ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यात चालमोगऱ्यातल्या आम्लांचा कुष्ठजंतूंवर थोडाफार परिणाम दिसला. म्हणजे सुश्रुत आणि भाऊ अगदीच अंधारात नव्हते. पण थोडाफार परिणाम होणे आणि रोग बरा होणे यांत जे अंतर आहे, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे रुग्ण सापडले.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. आपल्या भागात कावीळ झाली की आधी गावठी औषध घेण्याची पद्धत आहे. देणारा माणूस बहुधा सेवाभावी असतो, पैसेही घेत नाही. औषध कशाचे ते विचारले तर सांगत नाही. सांगितले तर गुण जातो, असा समज आहे. आणि गुण येतो, हेही खरे दिसते. दहा जणांना विचारा, नऊ जण बरे झाल्याचे सांगतील.

पण दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. औषध घेतले तरी आणि न घेतले तरी. तेव्हा नऊ जण बरे झाले यावरून औषधाची परीक्षा होत नाही. परीक्षा होते ती दहाव्या माणसापाशी. भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत वेदना आणि मग डोळे पिवळे, असा रुग्ण लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो. उंदराच्या मूत्रातून चिखलपाण्यात आलेला हा जंतू सुरुवातीला साध्या अँटिबायोटिकने आटोक्यात येतो. चार-पाच दिवस गावठी औषध आणि पथ्य यांत गेले की मूत्रपिंडे बंद पडू लागतात. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना दर पावसाळ्यात धास्ती असते ती याची. गरोदर बाईची कावीळ तर कधीच अंगावर काढू नये, तिच्यात हेपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. जे वाचतात ते गावठी औषधाचा गुण सांगायला गावात असतात. जो जातो तो काही सांगायला उरत नाही. म्हणून गावाच्या अनुभवात यशच तेवढे साठत जाते.

यावर एक प्रश्न नेहमी येतो: या औषधाने गुण येत नाही, हे तुम्ही डॉक्टरांनी सिद्ध करून दाखवले आहे का? प्रश्न रास्त वाटतो, पण तो उलटा आहे. शेजाऱ्याने आपली जमीन त्याची आहे असे म्हटले तर सात-बारा त्याने आणायचा असतो. ती त्याची नाही हे आपण सिद्ध करीत बसायचे नसते. औषधाचेही तसेच आहे. जो म्हणतो माझ्या औषधाने रोग बरा होतो, त्याने ते दाखवून द्यायचे. औषध झाकलेले असेल तर नाही म्हणणाऱ्याला ते तपासणेही अशक्य असते. गुप्त औषधाबद्दल शंका घेणे म्हणजे परंपरेचा अपमान नव्हे. १९५४ च्या जादुई उपचार व आक्षेपार्ह जाहिराती कायद्यात ज्या रोगांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत कुष्ठरोगही आहे. अशा दाव्यांनी किती लोक फसले असतील, याची कल्पना त्यावरून येते.

हा नियम आम्हा अ‍ॅलोपॅथीवाल्यांनाही तेवढाच लागू आहे. कोरोनाच्या सुरुवातीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या देशभर दिल्या गेल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांनीही घेतल्या. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, की रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू या गोळीने कमी होत नाहीत. उपचार मागे घ्यावा लागला. गोळी कंपनीची होती, डॉक्टरांनी लिहून दिली होती, म्हणून तिला सूट मिळाली नाही. पॅथी कोणतीही असो, कसोटी एकच.

आणि या कसोटीला आपली वनस्पती उतरली, तर जग तिला डोक्यावर घेते. सर्पगंधेचे उदाहरण मुंबईचेच आहे. भाऊंच्या मृत्यूनंतर बरोबर ७५ वर्षांनी, १९४९ मध्ये, डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे सर्पगंधेचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. वनस्पतीचे नाव, दिलेली मात्रा, रक्तदाबाचे आकडे सगळे त्यात होते. जगभरच्या डॉक्टरांनी ते करून पाहिले आणि सर्पगंधेतून निघालेले औषध रक्तदाबावरच्या पहिल्या प्रभावी औषधांपैकी एक ठरले. त्याने काहींना नैराश्य येते, हेही उघड तपासणीतूनच कळले. गुण कळला तसा दोषही कळला. झाकलेल्या औषधाचे दोन्ही कळत नाहीत.

तेव्हा कोणी खात्रीचे औषध म्हणून काही पुढे केले, तर चार गोष्टी विचाराव्यात. यात काय आहे? हा रोग औषधाशिवाय किती जणांत आपोआप बरा होतो? ज्यांना गुण आला नाही त्यांची नोंद कुठे आहे? आणि हे घेताना माझा किती वेळ जाईल? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. विचारताना देणाऱ्याचा उपमर्द करण्याचे कारण नाही. वैद्य असो, गावातली जाणती आजी असो की शहरातला स्पेशालिस्ट, ज्याच्यापाशी उत्तर आहे त्याला प्रश्नाचा राग येत नाही.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, टोचणे कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. कुष्ठरोगाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. गोळीच्या पाकिटावर औषधाचे नाव आणि मात्रा छापलेली असते. भाऊ दाजींच्या औषधावर नेमके तेवढेच छापायचे राहून गेले होते.